गुरूने घरी परत पाठवलेला शिष्य

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणमध्ये गोदावरीच्या वाळवंटात दिंड्या उतरतात. टाळ-मृदंगाच्या गजरात एकामागून एक अभंग होतात आणि नाथांचा अभंग संपत आला की दोन नावे एकत्र कानावर पडतात, एका जनार्दनी. एका म्हणजे एकनाथ, हे सगळ्यांना ठाऊक असते. जनार्दन हे विष्णूचे नाव, म्हणून पुष्कळांना तो देवाचाच उल्लेख वाटतो. पण हा जनार्दन हाडामांसाचा माणूस होता. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर निजामशाहीची चाकरी करणारा अधिकारी होता. तो एकनाथांचा गुरू. एकनाथांनी जन्मभर जे लिहिले, त्यावर आपल्या नावाला गुरूचे नाव जोडूनच मुद्रा उमटवली.

सध्या रमजान फाल्गुनाच्या आसपास येतो आहे. एका घरात सहेरीची लगबग असते, तर शेजारच्या घरात नाथषष्ठीला पैठणला जायची तयारी चाललेली असते. अशा वेळी या गुरुशिष्यांची आठवण होणे साहजिक आहे. हिंदू धर्मात गुरूला एवढे मोठे स्थान का आहे आणि गुरू शिष्यासाठी नेमके करतो तरी काय, या प्रश्नाचे उत्तर एकनाथांच्या आयुष्यात सरळ वाचता येते.

एकनाथांचा जन्म पैठणचा, इ.स. १५३३ च्या सुमारासचा. घराणे विठ्ठलभक्तांचे. पणजोबा भानुदास हे नावाजलेले वारकरी. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती त्यांनीच पंढरपूरला परत आणली, असे परंपरा सांगते. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी दोघेही मूल लहान असतानाच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाई यांनी नातवाला वाढवले. पैठण म्हणजे दक्षिणेची काशी, पंडितांचे आणि शास्त्रार्थाचे गाव. मुलाची मुंज झाली, शिक्षण सुरू झाले. मुलगा तल्लख होता आणि प्रश्न फार विचारायचा. पोथीतले शब्द त्याला कळत होते, पण शब्दांच्या पलीकडचे दाखवणारा कोणी भेटत नव्हता.

बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा एके दिवशी कोणालाही न सांगता घरातून निघाला आणि थेट देवगिरीला गेला. शिवालयात बसला असताना जनार्दनपंतांकडे जाण्याचा आदेश त्याला ऐकू आला, असे चरित्रकार सांगतात. घरी मागे राहिलेल्या आजी-आजोबांना या नातवाशिवाय दुसरा आधार नव्हता. मुलगा कुठे गेला, जिवंत आहे की नाही, हेही त्यांना माहीत नव्हते. संतचरित्रांत या प्रसंगाचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. पण त्या दोन म्हाताऱ्या जिवांचे काय, हा प्रश्न तसाच उरतो. त्याचे उत्तर पुढे गुरूनेच दिले.

गुरू हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात सैलपणे वापरतो. हिंदू परंपरेत त्याचे प्रकार वेगळे आहेत. मुंज, लग्न, श्राद्ध हे संस्कार करवून घेणारा तो कुलगुरू. विद्या शिकवणारा तो विद्यागुरू. ज्याच्यामुळे माणसाला स्वतःची आणि ईश्वराची ओळख पटते तो सद्गुरू. सद्गुरू शिष्यावर अनुग्रह करतो, मंत्र किंवा उपदेश देतो. तो उपदेश त्याच्या एकट्याचा नसतो. त्यालाही तो कोणाकडून तरी मिळालेला असतो आणि अशी ही साखळी मागे आदिगुरूपर्यंत जाते. सुफींमधले पीर आणि मुरीद, त्यांचा सिलसिला ज्यांना माहीत आहे, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. गुरूवाचून ज्ञान नाही असे म्हणतात, ते या अर्थाने. नकाशा कितीही पाठ केला तरी वाट चालून आलेला माणूस सोबत लागतो.

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावच्या देशपांडे घराण्यातले. त्यांचा जन्म इ.स. १५०४ च्या सुमारासचा. ते दत्तात्रेयाचे उपासक होते. मुसलमान सुलतानाच्या राज्यात ते देवगिरीसारख्या बळकट किल्ल्याचा कारभार सांभाळत होते आणि आपली साधनाही करत होते. गुरुवार हा दत्ताचा वार, म्हणून त्या दिवशी किल्ल्यावरच्या कचेरीला सुट्टी असे, अशी आठवण परंपरेने जपली आहे. भगवी वस्त्रे नाहीत, अरण्यातला आश्रम नाही. दफ्तर, फौजफाटा, घरसंसार हे सगळे असलेला हा गुरू होता. एकनाथांच्या घडणीत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

गुरुगृही गेल्या गेल्या मंत्र मिळाला नाही. मिळाली ती कामे. पूजेची तयारी करायची, पाणी भरायचे, गुरूंचे पाय चेपायचे, पुढे मोठा झाल्यावर कचेरीचे हिशेब पाहायचे. याच काळातली एक आख्यायिका मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. एकदा हिशेबात एका पैची चूक निघाली. रक्कम अगदी क्षुल्लक, पण हिशेब जुळेना. रात्री सगळे झोपले, तरी एकनाथ समईच्या उजेडात वह्या उलटत बसले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. त्या आवाजाने जनार्दनस्वामी उठून आले. कारण कळल्यावर त्यांनी शिष्याला एवढेच समजावले, की एका पैची चूक सापडल्यावर इतका आनंद होतो, तर जन्माच्या हिशेबात जी चूक होते आहे ती सापडली तर किती होईल. त्या रात्री गुरूला शिष्याची तयारी कळली. ज्याला एक पैसुद्धा तशीच सोडवत नाही, त्याच्या हाती मोठे काम देता येते.

दुसरी आख्यायिका अशीच बोलकी आहे. जनार्दनस्वामी ध्यानात असताना किल्ल्यावर शत्रू चालून आला. गुरूंची समाधी मोडायची नाही आणि किल्लाही जाऊ द्यायचा नाही, म्हणून एकनाथांनी गुरूंचे चिलखत अंगावर चढवले, शस्त्र घेतले आणि ते लढायला गेले. शत्रू परतवल्यावर चिलखत जागच्या जागी ठेवून ते पुन्हा आपल्या कामाला लागले. गुरूंना या गोष्टीचा पत्ता नंतर लागला. सेवा म्हणजे नुसते पाय चेपणे नव्हे. वेळ आली तर गुरूची जबाबदारी आपल्या अंगावर घेणे आणि त्याची वाच्यताही न करणे, हीसुद्धा सेवाच.

शिष्याची खरी परीक्षा मात्र तिसऱ्या प्रसंगी झाली. जनार्दनस्वामींना दत्तदर्शन होत असे. एकनाथांनाही ते व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. एके दिवशी दोघे रानात असताना समोरून एक मलंग आला. मुसलमान फकिराचा वेष, अवतार गबाळा, बरोबर कुत्री. जनार्दनस्वामींनी त्याला पाहताच ओळखले. ते त्याच्याजवळ बसले, त्याच्याबरोबर जेवले. पैठणच्या सोवळ्या घरात वाढलेला एकनाथ मात्र बिचकला. मलंग गेल्यावर गुरूंनी सांगितले, की तेच दत्तात्रेय होते. डोळ्यांसमोर देव उभा होता आणि शिष्याला दिसला तो फक्त वेष. ही गोष्ट महिपतीसारख्या चरित्रकारांनी भक्तिभावाने सांगितली आहे. ती कोणी चमत्कार म्हणून ऐको, कोणी रूपक म्हणून. गुरूने त्या दिवशी शिष्याला काय शिकवले, हे दोघांनाही सारखेच कळते.

या मलंगाच्या गोष्टीला इतिहासाचाही एक धागा जोडलेला आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले मोठे मराठी संतकवी. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले त्यांना गुरुस्थानी मानत. योगसंग्राम हा शेख महंमदांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी आपल्या गुरूचे नाव चांद बोधले असे दिले आहे आणि याच चांद बोधल्यांनी जनार्दनांचा अंगीकार केला, जनार्दनांनी एकनाथांना उपदेश दिला, असेही नोंदवले आहे. एकनाथांच्या चतुःश्लोकी भागवताच्या कथेतही चंद्रभट नावाच्या ब्राह्मणाचा उल्लेख येतो आणि तेच पुढे चांद बोधले म्हणून ओळखले गेले, असे परंपरा मानते. काही अभ्यासक त्यांना कादरी सुफी परंपरेशी जोडतात. मते वेगवेगळी असली, तरी शेख महंमदांची साक्ष डोळ्यांसमोर आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पैठणचे ब्राह्मण एकनाथ आणि श्रीगोंद्याचे मुसलमान शेख महंमद एकाच गुरुघराण्याचे ठरतात.

मंत्रोपदेश झाल्यावर जनार्दनस्वामींनी एकनाथांना जवळच्या सुलीभंजनच्या डोंगरावर अनुष्ठानाला पाठवले. हा डोंगर खुलताबादजवळचा. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची कबर त्याच खुलताबादेत आहे. एकनाथ तिथे तप करत होते, तेव्हा ती दोनशे वर्षांची जुनी झाली होती. अनुष्ठानानंतर गुरुशिष्य तीर्थयात्रेला निघाले. त्र्यंबकेश्वरपर्यंत गुरू बरोबर होते. याच यात्रेत गुरूंच्या आज्ञेने एकनाथांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठीत टीका लिहिली. हे त्यांचे पहिले लेखन. पुढची यात्रा त्यांनी एकट्याने करायची होती.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही थोर शिष्याची असू शकते. इथून पुढे गुरूने जे केले, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. इकडे आजोबा चक्रपाणी नातवाचा माग काढत देवगिरीला पोहोचले होते. जनार्दनस्वामींनी त्यांच्या हाती एकनाथांच्या नावे एक पत्र दिले. जिथे हे पत्र हाती पडेल तिथेच राहायचे, पैठण सोडायचे नाही, लग्न करून संसार करायचा, अशी त्यात आज्ञा होती. यात्रेहून परतताना एकनाथ पैठणला आले, पण घरी गेले नाहीत. म्हाताऱ्या आजोबांनी त्यांना गाठले आणि पत्र दाखवले. गुरूंचे अक्षर पाहून एकनाथ तिथल्या तिथे थांबले. त्याच जागेवर त्यांचे घर उभे राहिले, असे सांगतात.

शिष्य कर्तबगार होता, सेवेत तत्पर होता, हिशेबात चोख होता. त्याला आपल्या दाराशी ठेवून घेतले असते, तर गुरूचाच मोठेपणा वाढला असता. जनार्दनस्वामींनी त्याला त्याच्या माणसांकडे परत पाठवले. बारा वर्षांचा असताना तो ज्या दोन म्हाताऱ्या माणसांना सोडून आला होता, त्यांचे देणे फेडायला लावले. जो गुरू शिष्याला त्याच्या आई-वडिलांपासून, बायका-मुलांपासून, गावापासून तोडून फक्त आपल्या पायाशी बसवतो, त्याला या कसोटीवर तपासून पाहायला हरकत नाही.

एकनाथांचे लग्न गिरिजाबाईंशी झाले. घरात पहाटे गोदावरीचे स्नान, पूजा, भागवताचे वाचन, दुपारी पाहुण्यांसह जेवण, रात्री कीर्तन असा क्रम सुरू झाला. आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचे नाही, हा घरचा नियम. तो निभावण्याचा भार अर्थातच गिरिजाबाईंवर होता. एका गरजू ब्राह्मणाला गावातल्या टवाळांनी पैशाचे आमिष दाखवले, की नाथांना राग आणून दाखव, तर दोनशे रुपये देऊ. तो पायातल्या जोड्यांसह घरात शिरून नाथांच्या मांडीवर बसला, वाढायला वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर चढला. त्या बाईने हसून एवढेच म्हटले, की मुलाला पाठीवर घेऊन काम करायची आपल्याला सवय आहे. दुसऱ्या एका गोष्टीत नदीवरून स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर एक मुसलमान पुन्हा पुन्हा थुंकतो आणि नाथ न रागावता पुन्हा पुन्हा स्नानाला जातात. शेवटी तो माणूस खजील होऊन माफी मागतो. अनेकदा ही दुसरी गोष्ट एकटीच सांगितली जाते आणि तिचा उपयोग भलत्याच कामासाठी होतो. दोन्ही शेजारी ठेवल्या की कळते, नाथांना छळणारे दोन्ही धर्मांत होते आणि नाथांनी दोघांनाही सारखेच वागवले.

खरा संघर्ष झाला तो घरच्याच समाजाशी. श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मणांसाठी स्वयंपाक तयार होता. वाटेने जाणाऱ्या महार कुटुंबाला अन्नाचा वास आला आणि मुलांच्या तोंडाला पाणी सुटले. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी त्यांना बोलावून ते अन्न पोटभर जेवू घातले. ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक केला, पण ते जेवायला आले नाहीत. तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले, असे चरित्रकार सांगतात. वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणाऱ्या महाराच्या मुलाला नाथांनी उचलून घेतले, एका महार दांपत्याच्या घरी जाऊन ते जेवले, या गोष्टीही प्रसिद्ध आहेत. त्या काळात अशा वागण्याची शिक्षा बहिष्काराची असे. घरातले लग्न अडे, दारातली पंगत ओस पडे. नाथांनी हे सगळे सोसले. रानातल्या मलंगापुढे एकदा चुकलेली नजर त्यांनी पुन्हा चुकू दिली नाही.

काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला वाहायला नेत असताना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतले, ही गोष्ट तर लहान मुलांनाही पाठ असते. सोबतच्या यात्रेकरूंना ती गंगाजलाची नासाडी वाटली. रोजेदाराला या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दुपारच्या उन्हात घसा कोरडा पडतो, तेव्हा तहान म्हणजे काय ते त्याला कळते. ती तहान दुसऱ्या जिवाचीही असते, हे कळावे म्हणून तर उपवास असतो.

नाथांचा मुलगा हरिपंडित संस्कृतचा विद्वान निघाला. वडिलांनी मराठीत लिहावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्याला पसंत नव्हते. तो रुसून काशीला गेला. नाथ त्याला परत आणायला गेले. मराठीत पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही, या अटींवर तो आला. नाथांनी अटी पाळल्या. प्रवचनाची गर्दी ओसरली. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेल्या एका गरीब बाईच्या आग्रहावरून नाथ एकटे तिच्याकडे जेवले आणि हरिपंडिताने त्यांची पत्रावळ उचलली, तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार निघाल्या, अशी कथा आहे. हरिपंडिताचा अभिमान गळाला. अधिकाराच्या जोरावर मुलाला गप्प बसवणे बापाला सहज शक्य होते. नाथांनी वाट पाहिली.

त्यांच्या लेखनातही गुरू ठायी ठायी आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची टीका एकतीस अध्यायांची. मराठीत भागवत लिहिल्याबद्दल काशीच्या पंडितांनी जाब विचारला, त्याच काशीत इ.स. १५७३ मध्ये हा ग्रंथ पूर्ण झाला आणि तिथेच त्याचा सन्मान झाला. त्यात अध्यायांच्या आरंभी सद्गुरूला नमन आहे. इ.स. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांच्या नकलांत शिरलेल्या चुका एकेक करून दुरुस्त केल्या. एका पैसाठी रात्र जागवणारा कारकून इथे पुन्हा भेटतो. देवगिरीच्या कचेरीने त्यांना भाषाही दिली. अर्जदस्त, जाबचिठ्ठी, ताकीदपत्र असे सरकारी कागदांचे फारसी वळणाचे नमुने त्यांनी भारुडांत आणले आणि माणसाने देवाकडे करायची फिर्याद त्या रूपात लिहिली. फकिराच्या तोंडी दखनी बोली घातली. हिंदू-तुर्क संवाद या रचनेत दोघे एकमेकांच्या देवाधर्मावर तुटून पडतात, एकमेकांचे दोष काढतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. दोघांनाही पुरते बोलू दिल्यावर झालेले हे आलिंगन आहे, म्हणून ते खरे वाटते.

भावार्थ रामायण लिहिता लिहिता नाथांचे आयुष्य संपत आले. उरलेले काम त्यांनी गावबा नावाच्या शिष्यावर सोपवले. हा मुलगा मंदबुद्धीचा समजला जाई. पुरणपोळीच्या आवडीने तो नाथांच्या घरी येऊन राहिला होता. कोणताही मंत्र त्याला येत नसे, एकनाथ एवढेच नाव तो घेई. त्याच गावबाने रामायण पुरे केले. जनार्दनस्वामींनी विश्वास टाकला एकनाथांवर आणि एकनाथांनी टाकला गावबावर. साखळी पुढे जाते ती अशी.

सोळाव्या शतकाच्या अगदी शेवटी, इ.स. १५९९ मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला अनुग्रह, त्यांची आणि एकनाथांची पहिली भेट आणि जनार्दनस्वामींचे निर्वाण, हे सारे याच तिथीचे असे वारकरी मानतात. म्हणून नाथषष्ठी ही एकट्या शिष्याची पुण्यतिथी नाही, ती गुरूचीही आहे. आजही जनार्दनस्वामींची समाधी दौलताबादच्या किल्ल्यावर आहे, शेख महंमदांची श्रीगोंद्याला आणि एकनाथांची पैठणला, गुरूने राहायला सांगितले त्याच गावी.